डावा हात पदराखाली

रेवदंड्याचा पूल ओलांडून पलीकडच्या गावात मी शाळेवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळाली ती एका ख्रिस्ती म्हातारीच्या माडीवर. किल्ल्याच्या डोंगराला पाठ लावून बसलेलं गाव, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. तिथल्या ख्रिस्ती वाडीतली माणसं आपसात पोर्तुगीजांच्या वेळेपासून उरलेली एक भाषा बोलतात आणि आमच्यासारख्यांशी मराठी. म्हातारी माझ्याशी मराठी बोलायची आणि घरात एकटी असली की ती दुसरी भाषा. एकटी असताना ती बरंच बोलायची.

पहिल्या दिवशी मी माडी बघून खाली आले तर ती ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसली होती. एवढीशी बाई, काळीसावळी, कासोट्याचं लुगडं, गळ्यात लाकडी मण्यांची माळ. तिच्या अंगाला वास यायचा तो मेणबत्ती नुकती विझवल्यावर येतो तसा. मी जागा पसंत आहे म्हणाले. ती खुर्चीतून उठली.

"ही वर ने," ती म्हणाली.

"मग तुम्ही कशावर बसणार?"

"भुई हाय."

बोलताना तिनं डावा हात पदराखाली घेतला आणि उजव्या हातानं खुर्ची माझ्याकडे सरकवली. मला वाटलं, हात दुखत असेल. खुर्ची मी वर नेली, कारण नको म्हटलं तर ती उभीच राहिली असती असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्या वर्षी दिवाळीच्या आधी माझी कंबर धरली. जमिनीवर बसता येईना, पलंगावर झोपवेना. कितीतरी आठवडे मी त्या खुर्चीत बसून वह्या तपासल्या आणि त्याच खुर्चीत झोपले. शाळेच्या बुटक्या बाकांवर वाकून वाकून असं होणारच, हे मी स्वतःला समजावलं. पुढे बऱ्याच गोष्टी मी अशा समजावत राहिले.

डाव्या हाताचं कारण मला फिलूनं सांगितलं. फिलू म्हणजे शेजारीण, मासळी सुकवायची आणि दुपारी कुंपणापाशी येऊन उभी राहायची. ख्रिस्तानं सांगितलंय की उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, आणि म्हातारीनं ते जसंच्या तसं धरलंय, असं तिचं म्हणणं. देताना डावा हात झाकायचा. त्यामुळे म्हातारी रस्त्यानं निघाली की लोक आधी तिच्या पदराकडे बघत. दोन्ही हात दिसले तर ती देवळात, म्हणजे चर्चला, नाहीतर विहिरीवर चालली आहे. एकच दिसला तर आळीतली दारं पटापट लागत. फिलूचं दार सगळ्यांत आधी लागायचं, आतून कडीसकट.

"चांगलं द्यायला आली तर दार का लावता?" मी विचारलं.

"ती देते ते वाईट नस्तंय, बाई," फिलू म्हणाली. "पण ती देते ते लागतंय."

तिनं मला पास्कूची गोष्ट सांगितली. पास्कू बंदरावर बर्फाच्या पाट्या उचलायचा, गावात त्याच्यासारखा दांडगा गडी दुसरा नव्हता. एके रविवारी म्हातारीनं त्याला आपल्या मेलेल्या नवऱ्याची काठी दिली. तो हसला. काठी घेऊन वाडीभर म्हाताऱ्यासारखा वाकून चालून दाखवलं, पोरांना हसवलं. पावसाळा संपता संपता तो माडावरून पडला. आता त्या काठीवाचून त्याला देवळाची चढण चढता येत नाही. दुसरी गोष्ट फिलूच्या नणंदेची. लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नाही. तिला म्हातारीनं लोकरीचं तान्ह्याचं टोपडं दिलं, तेव्हा ती बाई रडत घरात गेली. पुढच्या नाताळात टोपडं भरलेलं होतं.

म्हणून गावाला दार लावावं की उघडं ठेवावं हेच ठरवता येत नसे. काही बाया दार लावून फटीतून बघत बसत.

मी तळा गावची. वडील शिक्षक होते. आमच्या घरात बुद्धवंदना होती, पुस्तकं होती, आणि शकुन-अपशकुनाला जागा नव्हती. मांजर आडवं गेलं तर वडील मुद्दाम त्याच वाटेनं जात. तेव्हा असल्या गोष्टींना मी हसले. माणूस शंभर वस्तू वाटतो, त्यातल्या दोन-चार उपयोगी पडतात, आणि लोक तेवढ्याच लक्षात ठेवतात, असं मी फिलूला सांगितलं. फिलूनं मान हलवली आणि मासळी पालथी करायला गेली.

तरी एक गोष्ट खरी होती. म्हातारीनं माळ्यावरचं, अडगळीतलं काही कधी कुणाला दिलं नाही. रोजच्या हातातलंच द्यायची. आज ज्या पातेल्यात भात केला ते उद्या फिलूच्या घरापलीकडे गेलेलं असायचं, आणि म्हातारी डालड्याच्या जुन्या डब्यात भात शिजवत असायची. उशी गेली, आरसा गेला, भिंतीवरचं घड्याळ गेलं. जिथे वस्तू होत्या तिथे भिंतीवर फिकट चौकोन उरले. मी माडीवर असताना खालचा तिचा आवाज पहिल्या वर्षी घरातल्यासारखा यायचा. मग तो हळूहळू घुमायला लागला. दुपारी ती त्या दुसऱ्या भाषेत बोलत असायची आणि वाटायचं, खाली कुणीतरी तिला थोडं थांबून उत्तर देतंय.

कुणी आभार मानले तर ती मागे वळून बघायची. तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या कुणाला तरी ते बोलले असावेत तसं. मग लोकांनी आभार मानणं सोडलं.

एकदा मी तिला सरळ विचारलं. ती ओसरीवर भुईवर बसून मटार सोलत होती.

"आजी, कुणाला काय द्यायचं हे तुम्हाला कसं कळतं?"

"मला कुठं कळतंय? घरात एकेक जिन्नस परका होतो." ती शेंगा सोलत राहिली. "काल माझाच असतो. सकाळी उठून बघते तर माझा न्हाय. लोकाची वस्तू घरात ठेवून जेवण जातंय व्हय? मग उचलते आन चालू पडते. ज्याच्या दारात पाय थांबतो त्याची ती."

"आणि त्या माणसाचं पुढे वाईट झालं तर?"

"वाईट व्हायचं ते व्हतंय, टीचर. मी फक्त त्याची काठी त्याच्या घरी पोचवली."

गावातले फादर तरुण होते, वसईकडचे, मोटारसायकलवरून फिरायचे. शाळेच्या कार्यक्रमाला आले तेव्हा मी त्यांच्याकडे विषय काढला. ते हसतील अशी माझी अपेक्षा होती.

"मी दर रविवारी सांगतो, द्या, हात राखून देऊ नका," ते म्हणाले. "सगळे ऐकतात, माना डोलावतात, घरी जातात. ही एकटीच तसं करते. आणि ती देवळाची पायरी चढताना दिसली की मी आधी तिचा पदर बघतो. मला काय द्यायला आली असेल, या विचारानं."

त्यांना तिनं कधी काही दिलं का, असं मी विचारलं. त्यांनी किल्ली फिरवून गाडी चालू केली.

ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांच्या उपासाचे दिवस असतात. त्या दिवसांत दरवर्षी म्हातारी पेटीतून एक चादर काढून उन्हात घालायची. पांढरी, जाड सुताची, काठाला हातानं विणलेली जाळी. ती तिची जायची चादर होती, स्वतःला मातीत घालताना गुंडाळायला जपून ठेवलेली. मला तिनं ती मोठ्या कौतुकानं दाखवली होती. उन्हात ती वाळत असली की डांबराच्या गोळ्यांचा वास माडीपर्यंत यायचा.

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी त्याच दिवसांतल्या एका दुपारी मी शाळेतून येऊन हातपाय धुतले तेवढ्यात जिना वाजला. म्हातारी कधी माडीवर यायची नाही. मी दारात आले. ती वरच्या पायरीवर उभी होती. उजव्या हातावर घडी घातलेली चादर. डावा हात दिसत नव्हता.

"आजी, ही तुमची आहे."

"व्हती."

"मला कशाला?"

"ते मला सांगत न्हाईत."

कोण सांगत नाहीत, हे मी विचारलं नाही. मला तेव्हा फिलूचं दार आठवलं, आतून कडी लागलेलं. पण मांजर आडवं गेलेल्या ज्या वाटेनं चालायला वडिलांनी शिकवलं होतं, तीही आठवली. मी दोन्ही हात पुढे केले. चादर उन्हानं गरम होती, आणि दिसत होती त्यापेक्षा जड. म्हातारी खाली गेली. थोड्या वेळानं खालून तिचं बोलणं ऐकू यायला लागलं, नेहमीसारखं.

त्यानंतरचे दिवस मला अजून अंगावर येतात. नवरा न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा, शनिवारी यायचा. त्याचा फोन लागला नाही की मी जिन्यावर येऊन उभी राहायची. वडिलांना जुना खोकला. तळ्याहून भावाचा नंबर दिसला की फोन उचलण्याआधी मी खाली बसायची. नवऱ्याला मी चादरीचं काही सांगितलं नाही. वडिलांना सांगितलं. ते फोनवर मोठ्यानं हसले.

"कापड आहे. कपाटात ठेव," ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तू बरी आहेस ना? जेवतेस ना नीट?"

त्यांच्या तोंडून तो प्रश्न ऐकला आणि मला जास्त भीती वाटली.

चादर मी कपाटात वरच्या खणात ठेवली. परत देण्याचा विचार रोज मनात यायचा. पण परत द्यायची म्हणजे आपण मानलं असं कबूल करायचं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक वाटायचं. परत दिली आणि मग काही झालं तर? कपाटाचं दार नीट लागत असूनही मला तो वास झोपेत यायचा.

ईस्टर होऊन गेला. समुद्र तापायला लागला होता, शाळा सकाळची झाली होती. एके दिवशी प्रार्थना चालू असताना उशिरा आलेल्या मुली पळत अंगणात शिरल्या. किनाऱ्यावर माणूस आहे, झोपलाय, उठत नाही, असं त्या सांगत होत्या. मुख्याध्यापकांनी मुलांना वर्गात कोंडलं आणि मी किनाऱ्यावर गेले.

ओहोटी होती. ओल्या वाळूवर तो पालथा पडला होता. लांब, रुंद खांद्यांचा माणूस, कुठल्यातरी बार्जवरचा नाहीतर जहाजावरचा असावा. कपडे पाण्यानं नेले होते. कमरेला नारिंगी जाकिटाचा एक पट्टा तेवढा अडकलेला. लोक दूर अर्धगोल करून उभे होते, बाया तोंड फिरवून. पोलीस निघालेत असा निरोप होता, पण पुलावर ट्रक आडवा झाला होता आणि कुणी येत नव्हतं. ऊन चढायला लागलं. कावळे जवळ जवळ यायला लागले. कुणीतरी म्हणालं, खताच्या गोण्या आणा. कुणीतरी म्हणालं, हात लावू नका, पंचनामा व्हायचाय. एकजण म्हणाला, निदान झाका रे. पण घरातली चादर आणायला कुणी जाईना, कारण ती परत घरात घेणार कोण?

मी विचार केल्याचं आठवत नाही. मी माडीवर होते, कपाट उघडं होतं, मग मी पुन्हा वाळूत होते. पास्कूनं काठी टाकून दुसरं टोक धरलं. आम्ही चादर सोडली. म्हातारी जेमतेम माझ्या खांद्याला लागायची. तिच्यासाठी ठेवलेली ती चादर त्या लांब माणसाला डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पुरली, आणि दोन्हीकडे दुमडायला थोडी उरली.

मी तिथेच वाळूत बसले. नवरा न्हावा शेव्याला सुखरूप होता. वडील तळ्याला सकाळचा चहा पीत असतील. माझ्याकडे ती चादर नुसती ठेवायला दिली होती. मागे बघितलं तर म्हातारी गर्दीच्या कडेला उभी होती, दोन्ही हात मोकळे. ती चादरीकडे बघून त्या दुसऱ्या भाषेत काहीतरी म्हणाली, हळू, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं.

त्या माणसाचा शोध घ्यायला कुणी आलं नाही. अलिबागच्या शवागारात तो बरेच दिवस राहिला. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. अंगावर धर्माची खूण नाही, नाव नाही. पोलीस कुठेतरी त्याची विल्हेवाट लावणार होते. फादर खेपा घालत राहिले आणि शेवटी गावात पुरण्याची परवानगी घेऊन आले. मग खरी अडचण झाली. वाडीचं कबरस्तान लहान, वर डोंगर आणि खाली माडांच्या वाड्या. नवी जागा उरलेली नाही. प्रत्येक घराची आपापली ठरलेली जागा, आणि तीही माणसागणिक मोजलेली.

देवळाच्या अंगणात सगळे जमले. मीही गेले होते. पास्कू म्हणाला, "तो आपल्यातला हाय की कोण, कुणाला ठाव?" दुसऱ्यानं विचारलं, उद्या त्याचे लोक आले आणि भांडले तर? बोलणं वाढत गेलं आणि मग एकदम थांबलं, कारण म्हातारी उठून उभी राहिली होती. सगळ्यांनी तिच्या पदराकडे बघितलं. डावा हात आत होता.

"माझी जागा द्या त्याला," ती म्हणाली. "माझ्या घोवाच्या शेजारची."

पोटचं मूल नसलेल्या त्या बाईचं या गावात स्वतःचं म्हणावं असं आता तेवढंच उरलं होतं. फादर तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "आजी, नीट विचार करा. मग तुम्हाला कुठे ठेवायचं?"

"मी हाय की अजून वरती," ती म्हणाली.

त्याला पुरला त्या दिवशी ऊन इतकं पांढरं होतं की क्रुसांच्या सावल्या दिसत नव्हत्या. माती ओढून झाल्यावर माणसं पांगली. म्हातारी नवऱ्याच्या कबरेपाशी वाकली आणि मी जवळ होते म्हणून मराठीत म्हणाली, "सोबत आलीय. जरा सरकून घे." मग तिनं कान लावून थोडं ऐकलं, मान डोलावली आणि लुगडं झटकून घरी चालू लागली.

त्यानंतर ती कुणाकडे काही घेऊन गेली नाही. नेण्यासारखं उरलंच नव्हतं. एक चटई, डालड्याचा डबा, भिंतीवर क्रूस. गावातली दारं दिवसभर उघडी राहायला लागली. म्हातारी ओसरीवर बसायची, दोन्ही तळहात मांडीवर उताणे टाकून. बरं वाटतंय ना, असं मी विचारलं की म्हणायची, "हलकं वाटतंय." मी तिला जेवण द्यायचा प्रयत्न करायची. थोडं घ्यायची, उरलेलं कावळ्यांना. स्वतः कुणाकडून काही घेणं तिला शेवटपर्यंत नीट जमलं नाही.

थंडीत एका सकाळी मी चहा घेऊन खाली गेले तर ती चटईवर कुशीवर निजलेली होती. हाक मारली, खांद्याला हात लावला. ती गार झाली होती. मी चहाचा कप भुईवर ठेवला आणि त्या रिकाम्या खोलीत उभी राहिले. माझा श्वाससुद्धा घुमत होता. फादरना फोन करायचा होता आणि फोन माडीवर राहिला होता.

मी वळले तोच फाटक वाजलं. फिलू आत आली. केस मोकळे, पायात चप्पल नाही, हाताला चुलीची राख. ती ओसरीखाली थांबली.

"बाई, तिला आमच्यात ठिवा," ती म्हणाली. "माझ्या सासूच्या अंगाला."

मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. दार मी आत्ता उघडलं होतं, आणि म्हातारी ओसरीवरून दिसत नव्हती.

"फिलू, तुला कोण म्हणालं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात चढणीवर काठीचा आवाज आला. पास्कू येत होता, मध्ये थांबून दम घेत. फाटकाला धरून तो म्हणाला, "टीचर, फादरना सांगा, आमच्यात जागा हाय." त्याच्या मागून फिलूची नणंद पोराला कडेवर घेऊन, तिच्या मागून आणखी माणसं. ज्यांच्या आळीत म्हातारी दिसली की दारं लागत, त्यांच्यातलीच ती. एकेक येऊन तेच सांगत होतं आणि आधी आलेल्यांना बघून गप्प होत होतं. शेवटी अंगण भरलं, आणि कुणी कुणाकडे बघेना. नणंदेचं पोर तेवढं उघड्या दाराकडे बघून हसत होतं.

माणसं कुठे चाललीत हे देवळातून बघून फादर खाली आले. त्यांना मी आत नेलं. बाहेर येऊन त्यांनी अंगणातल्या लोकांना विचारलं, "निरोप कुणी दिला?" मग ते पायरीवर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

जागेवरून वाद झाला, तोही हळू आवाजात. पास्कूनं हट्ट धरला, पण फिलू मागे हटेना. "मी आधी आले," एवढंच म्हणत राहिली. तिच्या सासूशेजारी म्हातारीला ठेवलं. गुंडाळायला चादर फिलूनंच आणली, नव्या कोऱ्या घडीची.

पुढे माझी बदली झाली. जाण्याआधी एका दुपारी मी कुंपणापाशी उभी राहिले. फिलू बांबूवर बोंबील टांगत होती.

"खरं सांग," मी म्हणाले. "त्या सकाळी तुला कसं कळलं?"

तिनं हातातला बोंबील तसाच धरून ठेवला.

"कळलं काय न्हाय. चूल पेटवत व्हते. मधीच उठले आन चालायला लागले. कुठं चाललेय ते तुमचं तोंड बघंपर्यंत ठाव नव्हतं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. अजून वाटते." ती बोंबील टांगून दुसरा उचलायला वाकली. "पण बाई, चूल पेटवताना आता मी रोज जरा थांबते. परत उठवतंय का बघाया."